गरम इंजिन, गार पाणी आणि पार्किंगमधले पंडित

पहिला दणदणीत पाऊस झाला की आयटी पार्कच्या पार्किंगमध्ये काही वाक्यं कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवतात. "अरे, गरम इंजिनवर गार पाणी पडलं की हेडला तडा जातो." "पावसात गाडी सलग चालवायची नाही, मध्ये उभी करून थंड होऊ द्यायची." आणि हेच सांगणारा माणूस दोन मिनिटांनी चहाच्या टपरीवर म्हणतो, "पावसाळ्यात बरं असतं रे, इंजिन थंड राहतं, हाणायची बिनधास्त!"

म्हणजे पाऊस एकाच वेळी इंजिनाचा वैरीही आणि जिगरी दोस्तही. आता असा बग कोणी आपल्या कोडमध्ये ठेवला असता तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याची सालं काढली असती आपण. पण गाडीचा विषय आला की भलेभले इंजिनीअर (हो, डिग्री असलेलेसुद्धा) मामाच्या मित्राच्या मेकॅनिकनं सांगितलेलं ब्रह्मवाक्य मानून मोकळे होतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं. पावसानं इंजिनाला तडा जात नाही. पण पावसात थंड राहिलेलं इंजिन ही काही निसर्गाची कृपा नव्हे. आणि पावसाळ्यात इंजिनाचं वाटोळं करणारं पाणी बहुतेक वेळा आभाळातून येतच नाही, ते पेट्रोलमधून येतं. शेवटचं वाक्य वाचून हसलात ना? थांबा जरा.

आधी तड्याचं बघू. तुमच्या घरातल्या कुकरला आठवा. अ‍ॅल्युमिनियमचा, शिट्टी होताना आतलं तापमान साधारण १२० अंश सेल्सिअस. रात्री साडेनऊला घरी येऊन भूक लागलेली असते, वाफ जिरायची वाट कोण बघणार! आपण सरळ तो कुकर सिंकमध्ये नळाखाली धरतो. चर्रर्र... आणि दहा-पंधरा सेकंदांत झाकण उघडतं. तडा गेलाय कधी? वर्षानुवर्षं हे चालू आहे. आणि एअर-कूल्ड इंजिनाच्या फिन्सचं नेहमीचं तापमान कुकरच्याच आसपासचं, थोडं वरचं असतं.

काचेचा ग्लास तडकतो तो काच उष्णता पटकन वाहून नेत नाही म्हणून. बाहेरचा थर आकसतो, आतला तसाच फुगलेला राहतो, आणि त्या ओढाताणीत ग्लासाचे दोन तुकडे. अ‍ॅल्युमिनियम काचेच्या शंभरपट तरी जास्त वेगानं उष्णता वाहून नेतं. एका बाजूला थंडी लागली की मागून लगेच उष्णता पोचते. शिवाय ते थोडं लवचीक, काचेसारखं हट्टी नाही.

"पण बिडाचा तवा तडकतो की!" बरोबर. आंबोळ्या झाल्यावर तापलेला बिडाचा तवा कोणी नळाखाली धरला तर आजी रागावायची, आणि रास्तच रागावायची. बीड ठिसूळ असतं. जुन्या बुलेटचं बॅरल बिडाचं होतं, त्यामुळे ही भीती कदाचित तिथूनच वारशानं आली असेल. पण तीच आजी आंबोळी घालायच्या आधी त्याच तापलेल्या तव्यावर पाण्याचा हबका मारायची, तेव्हा तवा काही फुटायचा नाही. हबका वेगळा, नळ वेगळा. आणि पाऊस म्हणजे हबका आहे.

किती मोठा हबका? चला, आकडेमोड करू. (कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा, पण मग पार्किंगमध्ये माझ्याशी वाद घालायला येऊ नका.)

दीडशे सीसीची गाडी ताशी ५० किलोमीटरनं चालली आहे आणि लिटरला ५० किलोमीटर देते आहे असं धरा. म्हणजे तासाला एक लिटर पेट्रोल. त्यातून सुमारे ९ किलोवॉट इतकी ऊर्जा निघते. तिच्यातला साधारण पाव भाग फिन्समधून आणि ऑइलमधून बाहेर टाकावा लागतो, म्हणजे दोन-सव्वादोन किलोवॉट. बाथरूममधल्या गीझरएवढी उष्णता. आता धो-धो पाऊस. अशा पावसातही एका घनमीटर हवेत पाणी असतं फक्त दोन-तीन ग्रॅम. इंजिनाचा समोरून उघडा दिसणारा भाग वीस बाय पंधरा सेंटिमीटर धरला तर त्या वेगाला सेकंदाला जेमतेम एक ग्रॅम पाणी त्याच्या वाट्याला येतं. चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा! त्यातलं बरंचसं पुढचं चाक आणि मडगार्ड अडवतं, काही नुसतंच ओघळून जातं. चौथाई पाण्याची वाफ झाली असं मानलं तरी ते साडेसहाशे वॉट उष्णता नेतं. सिलिंडर आणि हेड मिळून पाचेक किलो धातू धरा. म्हणजे इंजिनाचं तापमान उतरणार साधारण सात सेकंदांना एक अंश, आणि तेही सुरुवातीला. पुढे वेग आणखी मंदावतो, कारण थंड फिन्स हवेला उष्णताही कमी देतात.

सात सेकंदांना एक अंश. याला "शॉक" म्हणणारा माणूस सोसायटीच्या लिफ्टला रॉकेट म्हणत असणार.

माझ्या विरोधकांच्या हातात एक चांगला पत्ता आहे, तो मीच टाकतो. छोट्या विमानांचे पायलट "शॉक कूलिंग"ला घाबरतात. त्यांची इंजिनंही एअर-कूल्ड, हेडही अ‍ॅल्युमिनियमचं. आणि लायकमिंग ही विमानांची इंजिनं बनवणारी जुनी अमेरिकन कंपनी खरोखरच सांगते की सिलिंडर हेडचं तापमान मिनिटाला ५० अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे सुमारे २८ अंश सेल्सिअसपेक्षा, जास्त वेगानं बदलू देऊ नका. छान. आपला पावसातला वेग किती निघाला? मिनिटाला आठ-नऊ अंश. म्हणजे आभाळात उडणाऱ्या, सावधगिरीचा अर्क असलेल्या लोकांच्या मर्यादेच्याही एक-तृतीयांश. आणि त्यांची मूळ भीती पावसाची नाहीच. उंचावरून वेगात खाली येताना थ्रॉटल एकदम बंद केला की आतली आग विझते आणि बाहेर वारा जोरात असतो, ती भीती आहे.

तसंही, सिलिंडरच्या आत काय चाललंय ते बघा. ५००० आरपीएमला सेकंदाला चाळीसेक वेळा स्फोट होतो. दोन हजार अंशांच्या वरचा वायू आणि त्यानंतर लगेच बाहेरची ताजी गार हवा, पुन्हा वायू, पुन्हा हवा. हे आयुष्यभर सोसणाऱ्या धातूला बाहेरून पडणाऱ्या चार थेंबांचं काय कौतुक!

"मग मॅन्युअलमध्ये का लिहितात, गरम इंजिन धुऊ नका?" कारण तिथे विषय वॉशिंग सेंटरवरच्या प्रेशर पंपाचा आहे. तो नळाच्याही वरचा बाप. शिवाय त्या जोराच्या पाण्यानं प्लग कॅप, वायरिंग, सायलेन्सर सगळ्यांचीच वाट लागते, आणि वाफेनं धुणाऱ्याचा हात भाजतो. धुण्याआधी गाडी थंड होऊ द्या, जरूर होऊ द्या. पाऊस मात्र प्रेशर पंप नाही.

भीतीत खरेपणाचा एक कण आहे, तो मान्य करतो. तापलेली गाडी ओढ्यात किंवा अंडरपासच्या तळ्यात घातलीत तर गोष्ट वेगळी. आतली गरम हवा एकदम आकसते, आणि ब्रीदरचं तोंड पाण्याखाली असेल तर ते इंजिन स्ट्रॉसारखं पाणी ओढून घेतं. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलं तर त्याहून वाईट. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बुडालेल्या किती गाड्या लोकांनी दुसऱ्या दिवशी उत्साहानं स्टार्टर मारून मारल्या असतील! बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारायचा नाही, प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, मेकॅनिकला बोलवायचं. पण हा पुराचा विषय झाला, पावसाचा नव्हे.

आणि भर पावसात गाडी फट्फट् करत बंद पडते, तेव्हा "इंजिन एकदम थंड झालं" हे निदानही साफ चूक. बहुतेक वेळा प्लग कॅपमध्ये किंवा वायरमध्ये ओल गेलेली असते आणि ठिणगी भलतीकडेच पळते. काही इंजिनांत प्लगच्या खळग्यातलं पाणी जायला बारीक भोक असतं, ते चिखलानं बुजलेलं असतं. पाच मिनिटं थांबल्यावर गाडी सुरू होते, कारण इंजिनाच्या उबेनं कॅप वाळते. आपण मात्र म्हणतो, "बघ, विश्रांती दिली आणि चालू झाली." विश्रांती! जशी काही पर्वती चढून आली आहे.

या विश्रांतीचाच मला खरा राग आहे. पावसात हायवेवर पुलाखाली, बोगद्याच्या तोंडाशी, थेट लेनमध्ये उभ्या केलेल्या बाइक्स बघितल्यात ना? बरेच जण भिजू नये म्हणून थांबतात, ते एक वेळ समजू शकतो (मान्य नाही करत). पण "गाडी थंड होऊ दे, मग भिजवू" म्हणून तिथेच सिगरेट पेटवून उभे असलेले महाभागही मी ऐकलेत आणि पाहिलेत. मागून येणाऱ्या ट्रकच्या काचेवर पाणी, रस्त्यावर पाणी, ब्रेक ओले. काल्पनिक तड्यापासून इंजिन वाचवायला खरी हाडं पणाला लावायची. थांबायचंच असेल तर पेट्रोल पंपावर थांबा, हॉटेलात थांबा, कांदाभजी खा.

बरं, दुसरा पक्ष. "पावसात इंजिन थंड राहतं, बरं असतं."

पहिली गोष्ट, राहतंच असं नाही. हिंजवडीच्या जॅममध्ये पाऊस सरळ वरून पडतो. तो तुमच्या हेल्मेटवर, टाकीवर आणि सीटवर पडतो. इंजिन टाकीखाली कोरडं, आणि वारा शून्य. वर तुमच्या लांब रेनकोटचे दोन्ही पदर पडद्यासारखे इंजिनाच्या बाजूंना. (त्या पदराला सायलेन्सरनं पाडलेलं भोक हे पुण्यातल्या प्रत्येक रेनकोटचं ओळखपत्र आहे.) अशा जॅममध्ये जुलैतही इंजिन मस्त तापतं. आणि तुमच्याकडे अ‍ॅक्टिव्हा असेल तर तिचं इंजिन कव्हरच्या आत, पंख्याच्या हवेवर. त्याच्या फिन्सपर्यंत पाऊस पोचायलाच मुश्किलीनं वाव. तरीही अ‍ॅक्टिव्हावाले काका पावसात तड्याची चर्चा करतात! लिक्विड-कूल्ड गाड्यांत तर थर्मोस्टॅट बसलेला असतो. थंडी वाढली की तो रेडिएटरकडची वाट बंद करतो आणि इंजिन आपल्या तापमानाला टिकून राहतं. म्हणजे पावसानं खरोखर फरक पडतो तो उघड्या, एअर-कूल्ड इंजिनाला, मोकळ्या रस्त्यावर, संथ वेगाला. आपल्याकडच्या बहुसंख्य शंभर ते दीडशे सीसीच्या गाड्या याच वर्गात बसतात.

आणि तिथे थंडी चांगली नाही. आता येतो त्या पेट्रोलमधल्या पाण्याकडे.

पेट्रोलमध्ये कार्बन आणि हायड्रोजन असतात. जळताना हायड्रोजनचं पाणी होतं. दहावीचं रसायनशास्त्र. हिशोब केला तर एक लिटर पेट्रोल जळून साधारण लिटरभर पाणी तयार होतं. हो, एक लिटर! टाकी रिकामी केलीत की दहा-बारा लिटर पाणी सायलेन्सरमधून वाफ होऊन गेलेलं असतं. सकाळी गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरमधून टपटपणारं पाणी तेच. आता यातला अगदी थोडा वायू पिस्टन रिंग्जच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतो. प्रत्येक इंजिनात उतरतो, त्यात नवल नाही. ऑइल नीट तापलेलं असेल, ८०-१०० अंशांना अर्धा तास फिरत असेल, तर ते पाणी वाफ होऊन ब्रीदरमधून निघून जातं. ऑइल थंड असेल तर ते आतच बसतं. रोज थोडं थोडं. बरोबर न जळलेलं थोडं पेट्रोलही, कारण थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं. कार्बोरेटर असेल तर चोक ओढून आपण ते देतो, इंजेक्शन असेल तर ईसीयू गुपचूप देतो. (पावसाळ्यात मायलेज का पडलं, याचं एक उत्तर इथे आहे.)

ऑइल, पाणी, गिअरची घुसळण. ताकासारखा पांढुरका साय धरलेला फेस तयार होतो आणि ऑइल भरायच्या झाकणाखाली जमतो. ते ऑइल बेअरिंगला काय डोंबल वाचवणार! शिवाय थंड सिलिंडरच्या भिंतीवर ज्वलनातलं आम्लयुक्त पाणी साचतं आणि धातू खातं. हेही नवीन संशोधन नाही, थंड सिलिंडर जास्त झिजतो हे ब्रिटिश इंजिनीअरांनी १९३०च्या दशकातच प्रयोग करून दाखवलं होतं. नव्वद वर्षं झाली. आपण अजून तड्यावर अडकलोय.

तेव्हा पावसाळ्यात कोणाचं इंजिन मरतं? ताम्हिणी घाटात दोनशे किलोमीटर भिजत जाऊन आलेल्याचं नाही. त्याचं ऑइल व्यवस्थित तापतं, उलट महिन्याभराचं पाणी एका दिवसात उकळून जातं. मरतं ते कर्वेनगरहून डेक्कनला, तीन-चार किलोमीटर, रोज जाऊन येणाऱ्याचं. "माझी गाडी काय, फक्त ऑफिसला जाते, एकदम जपून वापरतो." हेच ते जपून मारणं.

माझ्या एका मित्राची अशीच गाडी. चार महिन्यांत हजार किलोमीटर नाही झाले. झाकणाखाली पांढरा लोण्याचा गोळा. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधले साहेब म्हणाले, "सर, वॉशिंगच्या वेळी पाणी गेलंय, इंजिन उघडावं लागेल," आणि एस्टिमेट हातात ठेवलं. गाडी दोन महिन्यांत धुतलेलीच नव्हती! आम्ही तिथून निघालो, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकदादाकडे ऑइल बदललं, रविवारी गाडी लोणावळ्यापर्यंत नेऊन आणली. झाकणाखाली पुन्हा बघितलं, स्वच्छ. खर्च, ऑइलचा आणि मक्याच्या कणसांचा.

मॅन्युअलमध्ये ऑइल बदलायचं लिहिलेलं असतं, "इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी येईल ते." आपण फक्त किलोमीटर वाचतो. कमी चालवणाऱ्याला "महिने" आधी येतात आणि पावसाळ्यात ते आणखी आधी यायला हवेत. तसंच सकाळी पार्किंगमध्ये दहा मिनिटं गाडी चालू ठेवून "गरम" करणं. त्यानं शेजारचे गरम होतात, ऑइल होत नाही. अर्धा मिनिट द्या, निघा, पहिले दोन-तीन किलोमीटर पिळू नका. आणि आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवा, पाऊस असला तरी. पाऊस संपल्यावर फिन्समधला वाळलेला चिखल मात्र ब्रशनं काढा. जुलैतला चिखल ऑक्टोबरच्या उन्हात इंजिनाला गोधडीसारखा होतो, आणि खरं तापणं तेव्हा सुरू होतं.

आता शेवटचा राग, आणि तो माझ्याच व्यवसायातल्या लोकांवर. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. इंजेक्शनच्या गाडीला किती पेट्रोल द्यायचं हे ठरवायला इंजिनाचं तापमान माहीत असावंच लागतं. म्हणजे सेन्सर आहे. आकडा ईसीयूमध्ये आहे. प्रत्येक सेकंदाला आहे. डॅशबोर्डवर डिजिटल स्क्रीनही आहे. त्या स्क्रीनवर मला ब्लूटूथवरून कोणाचा फोन आला ते दिसतं, मिस्ड कॉल दिसतो, फोनची बॅटरी किती टक्के आहे तेही दिसतं. इंजिनाचं तापमान? महागड्या लिक्विड-कूल्ड गाड्यांत दांड्या दिसतात. बाकीच्यांना बहुधा काहीच नाही, फार तर काहीतरी बिघडल्यावर लागणारा एक पिवळा दिवा. डेटा गोळा करायचा, वापरायचा, आणि ज्याचं इंजिन आहे त्यालाच दाखवायचा नाही, हे कुठलं डिझाइन? यासाठी नवा पार्ट लागत नाही, जागा लागत नाही. त्याच स्क्रीनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ.

तो आकडा समोर असता तर वरचं सगळं लिहावंच लागलं नसतं. पाऊस सुरू झाल्यावर तापमान हळूहळू उतरताना लोकांनी स्वतः बघितलं असतं. तीन किलोमीटरच्या ऑफिसवारीत ते कधीच वर पोचत नाही हेही बघितलं असतं. तेव्हा चाकणला नाहीतर होसूरला बसून हे स्क्रीन डिझाइन करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनो, पुढच्या रिलीजमध्ये तो एक आकडा टाका. मिस्ड कॉल मी घरी पोचल्यावर बघेन.